मुलाची आइस हॉकीची ट्रायआउट (निवड चाचणी) पुढच्या आठवड्यात आहे, वरच्या टीमला घेतील का? पालक म्हणून मी काय करू?

घेतील का हे कोणीच सांगू शकत नाही. पण काय करू नये ते मी सांगू शकतो, कारण लेकीच्या तीन ट्रायआउट्समध्ये मी ते सगळं करून बसलोय.

पहिल्या वर्षी मी काचेला नाक लावून उभा, प्रत्येक ड्रिलला हातवारे, वर ‘स्टिक खाली ठेव’ म्हणून ओरडणं (आत एक अक्षर ऐकू जात नाही हो, हेल्मेट असतं आणि रिंकच्या कडेच्या बोर्डवर पक, म्हणजे खेळायच्या रबरी चकत्या, आपटत असतात). पोरगी सारखी माझ्याकडेच बघायची आणि कोचने काय ड्रिल सांगितलं ते तिने ऐकलंच नाही. पुढच्या वर्षी गपचूप स्टँडमध्ये सगळ्यात वर जाऊन बसलो.

आणि एक, नुसते गोल मोजत बसू नका. वर वही घेऊन बसलेली, निवड करणारी माणसं जास्त करून स्केटिंग बघतात, म्हणजे ब्रेक मारून परत किती पटकन निघतो, क्रॉसओव्हर (वळताना एका पायावरून दुसरा पाय टाकणं) दोन्ही बाजूंना जमतात का एकाच, उलटं स्केट करता करता वळता येतं का, पक गेला की मागे येतो का तिथेच हात हलवत उभा राहतो. आमच्यासोबतच्या एकाने स्क्रिमेजमध्ये (सरावाच्या मॅचमध्ये) तीन गोल मारले, पास एकही नाही, त्याचा नंबर यादीत आलाच नाही. त्याच्या बाबांचा चेहरा अजून आठवतो.

मुलगा वर्षाच्या शेवटी जन्मलेला असेल तर जरा दमाने घ्या. कॅनडा-अमेरिकेत गट जन्मवर्षावर पडतात, १ जानेवारीपासून, म्हणजे जानेवारीचं आणि डिसेंबरचं पोर एकाच जागेसाठी धडपडतं आणि ९-१० वर्षांच्या वयात ११ महिन्यांनी उंचीत, ताकदीत चांगलाच फरक पडतो. निवडीत वर्षाच्या सुरुवातीची मुलं जास्त दिसतात हे १९८० च्या दशकापासून अभ्यासात सापडतंय. माझी नोव्हेंबरची, मला हे कळलं तिसऱ्या वर्षी.

यादी लागली तेव्हा तिचा नंबर नव्हता. मी गाडीत लगेच ‘तू बॅकचेक का नाही केलंस’ (म्हणजे पक गेल्यावर अडवायला मागे का नाही आलीस) सुरू केलं, ती खिडकीबाहेर बघत बसली, घरी येईपर्यंत एक शब्द नाही. ते तेवढं टाळा, बाकी सगळं चुकलं तरी चालेल.

आणि हो, स्केट्सना धार दोन-तीन दिवस आधी लावून घ्या आणि एकदा बर्फावर उतरवा त्याला, त्याच सकाळी नको. नवे स्केट्स तर अजिबात नको.