पाण्यावरच्या शंका: बिर्गिट फिशर ते नाथसागर

प्रश्न: जर्मनीच्या बिर्गिट फिशर यांनी ४२व्या वर्षी कयाकिंगमध्ये, म्हणजे दोन पात्यांच्या वल्ह्याने होडी हाकण्याच्या खेळात, ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं, असं वाचलं. सगळा जोर खांद्यांवर असलेल्या खेळात हे कसं जमलं? (एक वाचक, परभणी)

उत्तर: जोर खांद्यांचा नसतोच. वल्हं हातात असलं तरी होडी पुढे जाते ती पाय आणि कंबरेच्या बळावर. उजवं पातं पाण्यात शिरताना उजव्या पायाने समोरच्या फळीवर रेटा द्यायचा, त्याच वेळी कंबर आणि पाठ वळवायची. ओढीच्या सुरुवातीला हात जवळजवळ सरळ राहतो. हे तंत्र वयाबरोबर मुरत जातं. शिवाय त्यांनी तेव्हा जिंकलेली, चौघींच्या होडीची ५०० मीटरची शर्यत साधारण दीड मिनिट चालते. तिला दमसास लागतो, आणि तो चाळिशीतही टिकवता येतो.

फिशर पूर्व जर्मनीतल्या, हावेल नदीकाठच्या ब्रांडेनबुर्गच्या. १९८०ला मॉस्कोत, १८व्या वर्षी, एकेरीत पहिलं सुवर्ण. १९८४ला त्यांच्या देशाने लॉस एंजेलिसवर बहिष्कार टाकला आणि ऐन भरातलं एक ऑलिंपिक हातचं गेलं. आमच्या मते त्यांच्या कारकिर्दीतलं सर्वांत मोठं नुकसान हेच. १९८८ला सोलमध्ये दुहेरी आणि चौघींच्या होडीत सुवर्ण, एकेरीत मात्र बल्गेरियाच्या वान्या गेशेवा पुढे निघाल्या. १९९२ला बार्सिलोनात एकत्रित जर्मनीसाठी एकेरीचं सुवर्ण परत मिळवलं.

यानंतरची त्यांची सगळी ऑलिंपिक पदकं दुहेरी किंवा चौघींच्या होडीतली आहेत, आणि दीर्घ कारकिर्दीचं मर्म आम्हाला यातच दिसतं. चौघींच्या होडीत पुढची जी लय धरते, तिच्याशी मागच्या तिघींची पाती एकाच क्षणी पाण्यात शिरावी लागतात. एकीचं पातं किंचित उशिरा शिरलं तरी होडी हिसका खाते आणि प्रत्येक वल्ह्यामागे वेग गळतो. ही जुळवणी अनुभवाने येते. १९९६ला अटलांटात एक सुवर्ण, २०००ला सिडनीत दोन. मग निवृत्ती, आणि पुन्हा परतून २००४ला अथेन्समध्ये चौघींच्या होडीचं सुवर्ण. त्या होडीतल्या कॅरोलिन लेओनहार्ट फिशर यांच्या पहिल्या सुवर्णाच्या वेळी जन्मल्याही नव्हत्या! एकूण ८ सुवर्ण, ४ रौप्य.

प्रश्न: मुलगी १३ वर्षांची आहे, शिबिरात कयाक चालवायला शिकली. अर्ध्या तासात तिचे खांदे दुखतात. वल्हं जड आहे का? (एक पालक, पैठण)

उत्तर: वजनाआधी लांबी बघा. वल्हं शेजारी उभं धरून हात वर केला की बोटं वरच्या टोकावर जेमतेम अडकली पाहिजेत. मग ते आडवं डोक्यावर ठेवा. दोन्ही कोपरांत काटकोन होईल तिथे मुठी, आणि तिथे चिकटपट्टीची खूण करा.

लांबी बरोबर असूनही दुखत असेल, तर ती कोपर वाकवून हातानेच ओढत असणार. पातं पावलांच्या शेजारी पाण्यात घालावं, पूर्ण बुडाल्यावरच ओढ द्यावी आणि कंबरेशी येताच बाजूने बाहेर काढावं. कंबरेच्या मागे नेलं तर पातं पाणी वर उचलतं, होडीची शेपटी दबते आणि सगळा भार खांद्यावर येतो. शर्यतीचं वल्हं चमच्यासारख्या खोलगट पात्याचं असतं. त्याची खोलगट बाजू ओढणाऱ्याकडे हवी. नवशिके ते हमखास उलटं धरतात. दुखणं आठवडाभर टिकलं तर सराव थांबवून डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न: कयाक आणि कनू यांत फरक काय? (एक विद्यार्थी, लातूर)

उत्तर: कयाकमध्ये बसून दोन पात्यांचं वल्हं, शर्यतीच्या कनूत एका गुडघ्यावर टेकून एकाच पात्याचं, एकाच बाजूने. जर्मनीचेच सेबास्टियन ब्रेंडेल २०१२ आणि २०१६ला कनूच्या एकेरी १००० मीटरचे विजेते.

प्रश्न: नाथसागरावर सराव करता येईल का? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर: नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, पक्षी अभयारण्य आहे, त्यामुळे वनविभाग आणि जलसंपदा विभागाची परवानगी लागते. ती मिळाली तर सकाळी लवकर, वारा उठायच्या आत उतरा. एवढ्या उघड्या पाण्यावर वारा सुटला की लाटा उठतात. शर्यतीची एकेरी कयाक ५.२ मीटरपर्यंत लांब आणि १२ किलोच्या आसपास. इतकी अरुंद की नवख्याला साध्या पाण्यातही तोल सापडत नाही. म्हणून पहिले काही महिने रुंद बुडाची होडी घ्या. जलपर्णी सुकाणूत अडकते, तिच्या पट्ट्यापासून लांब राहा. धरणाखाली गोदापात्रात, दरवाजे उघडण्याच्या दिवसांत, अजिबात उतरू नका.

लाइफ जॅकेट हवंच, आणि पोहता येणाऱ्यांनीही ते काढू नये. होडी उलटली तर ती सोडून किनाऱ्याकडे पोहत सुटू नका. होडी तरंगते आणि लांबून दिसते. तिला धरून पाय मारत काठाला या, मगच पाणी उपसा.