शाळेवरचा माहितीपट पहिल्यांदा बघताना

अगं, 'मिफ'ची, म्हणजे मुंबईतल्या माहितीपट महोत्सवाची, वाट बघू नकोस, तो दोन वर्षांतून एकदा येतो. सुरुवात अमेरिकी माहितीपटकार फ्रेडरिक वाइजमनच्या 'हायस्कूल'पासून कर. १९६८ चा, कृष्णधवल, जेमतेम सव्वा तास, फिलाडेल्फियातली शाळा. निवेदक नाही, मुलाखती नाहीत. पहिली दहा मिनिटं 'हे काय चाललंय?' असंच होईल. उठू नकोस. बोलणाऱ्या शिक्षकापेक्षा ऐकून घेणाऱ्या मुलाकडे बघ, त्याची बोटं, त्याची मान. लोकलमध्ये मोबाइलवर मुळीच नको, दादर आलं की धागा तुटतो. आणि हो, तिकडचं हायस्कूल म्हणजे साधारण आपली नववी ते बारावी. मी कितीतरी दिवस सगळ्यांना दहावीचीच समजत होतो! 'हूप ड्रीम्स' हा बास्केटबॉल खेळणाऱ्या शाळकरी मुलांवरचा माहितीपट मात्र नंतर. तो जवळजवळ तीन तासांचा आहे, रविवारी भरपेट जेवून लावलास तर घोरशील.