माडावरची पांढरी माशी: औषधाची बाटली आधी खाली ठेवा

गुहागर आणि वेंगुर्ल्याकडच्या बागायतदारांची तक्रार एकच आहे. माडाच्या खालच्या झावळ्या वरून काजळी धरल्यासारख्या काळ्या, पानाखाली पांढरा कापूस, खालची केळी नि जायफळंही चिकट. दुकानदार बुरशीनाशक आणि मुळावाटे द्यायला इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक देतोय, द्यावं का?

देऊ नका. ही रुगोज चक्राकार पांढरी माशी. मूळची मध्य अमेरिकेकडची, आपल्या देशात २०१६ साली तामिळनाडूत पोल्लाचीला पहिल्यांदा सापडली. ती रस शोषते, चिकटा टाकते आणि चिकट्यावर काळी बुरशी वाढते. ओल्या फडक्यानं पान पुसा, खाली हिरवंच निघेल. बुरशी पानात शिरलेलीच नाही, मग बुरशीनाशक मारायचं कशावर?

आता झावळी उलटी करून भिंग लावा. पिवळट कोषांमध्ये काही काळे पडलेले, गोल भोक असलेले दिसतील. त्यांतून एन्कार्सिया हा मित्रकीटक बाहेर पडलाय. माशीच्या कोषात तोच वाढतो आणि तिला संपवतो. कडक औषध मारलंत की आधी मरतो तो. महिनाभरात माशी दुपटीनं परत येते आणि दुकानदार ‘डोस वाढवा’ म्हणतो. असल्या वाड्या मी पुष्कळ पाहिल्यात. डोस वाढवू नका. दोन औषधं एकत्र करू नका. मुळावाटे तर काहीच देऊ नका, त्याच माडाचं शहाळं आपली पोरं पितात.

माझं सांगणं एकच, एन्कार्सिया वाढवा. काळ्या कोषांच्या झावळ्या तोडून जाळू नका. त्यांचे तुकडे, जिथं माशी आहे पण काळे कोष नाहीत, अशा माडांवर अडकवा. कीड न पोचलेल्या वाडीत मात्र नेऊ नका. लहान माडांना पानाखालून पाण्याचा जोरदार फवारा द्या. काजळीवर लिटरला १० ग्रॅम मैद्याची पातळ खळ फवारा, वाळली की पापुद्र्यासकट काजळी गळते. फारच जोर असेल तरच लिटरला ५ मिली नीम तेल, साबणाच्या पाण्यात फेटून, पानाच्या खालच्या बाजूला. पावसाळा लागला की माशी आपसूक कमी होते, त्यामुळे मे अखेरीस फवारणीचा खर्च नकोच.

पानं काळी पडली तर विमा मिळेल का, असंही काहींनी विचारलंय. नारळ विकास मंडळाच्या विम्यात माड मेला किंवा निकामी झाला तरच भरपाई, पानं काळी पडल्याची नाही.

ज्यांनी औषध मारलंच आहे त्यांनी दुसरी फवारणी घेऊ नये. पंधरा दिवस थांबा आणि शेजारच्या न फवारलेल्या वाडीतून काळ्या कोषांचे तुकडे मागून आणा.