चाल कुणाची, ते आधी लिही

चि. बाळ,

तुझं गाणं रविवारी तीनदा ऐकलं. आवाज छान लागलाय, आणि दुसऱ्या कडव्याआधी जिथं सगळे एकदम थांबता ती जागा तर फारच आवडली. पण हे पत्र त्यासाठी नाही. गाण्याखाली 'शब्द आणि संगीत' म्हणून तू एकटीचंच नाव घातलंयस, मी तिथं अडकलोय.

सुरुवातीची बेस गिटारची ओळ तुझी नाही ना गं? वडगावच्या त्या पोराची आहे. घरच्या मागाची खटखट ऐकता ऐकता त्याला सुचली, हे तूच मला हसत सांगितलं होतंस. ती ओळ काढून एकदा गाणं म्हणून बघ. खाली चार कॉर्ड उरतात, आणि ते कुणाच्याच मालकीचे नाहीत. लेड झेपेलिन या रॉक बँडवर 'स्टेअरवे टू हेवन'च्या सुरुवातीवरून खटला झाला, तो २०२० मध्ये अपिलातही त्यांच्याच बाजूनं लागला. एकेक सूर खाली उतरत जाणारी स्वरावली सगळ्यांचीच, असं तिथं धरलं गेलं. तेव्हा कॉर्डची काळजी सोड. ओळखू येते ती बेसची ओळ.

'अ व्हाइटर शेड ऑफ पेल' तू ऐकलंयस. १९६७ चं, प्रोकोल हॅरम या बँडचं. लोक गुणगुणतात ते त्यातलं ऑर्गन. वाजवलं मॅथ्यू फिशरनं, आणि नावं लागली गायक गॅरी ब्रूकर आणि गीतकार कीथ रीड यांची. फिशर कोर्टात गेला तो २००५ मध्ये. चाळीस टक्के वाटा त्याचा, हे ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सनं २००९ मध्ये कायम केलं, पण मधल्या अडतीस वर्षांचे पैसे काही मिळाले नाहीत. मला त्या पैशांपेक्षा दुसरंच डोळ्यांपुढं येतं. तेव्हा त्या खोलीत पाच-सहा जणच असतील. 'हे तुझं, हे माझं' म्हणायला दहा मिनिटं लागली असती.

मी कोण मोठा लागून गेलो म्हणा. नव्वदच्या दशकात टिळकवाडीत गच्चीवरच्या एका खोलीत आमचा बँड होता. वर पत्रे. आपला पाऊस तुला माहीत आहे, जूनमध्ये तर ड्रमसुद्धा ऐकू यायचे नाहीत. आम्ही एक कॅसेट काढली. पहिल्या गाण्याचा सुरुवातीचा तुकडा कीबोर्डवाल्या मित्राचा होता, पुढचं सगळं मी त्यावरच बांधलं होतं. कव्हरवरची नावं बॉलपेननं मीच लिहिली: 'गीत-संगीत', आणि पुढं माझं एकट्याचं नाव. त्यानं कॅसेट हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली, 'असूदे की' म्हणाला आणि खाली ठेवली. पुढच्या रविवारी आला, त्याच्या पुढच्या रविवारी नाही. मला वाटलं, नोकरी लागली असेल. खरं कारण कळायला मला बरीच वर्षं लागली, आणि तोवर त्याला फोन करायचं तोंड राहिलं नव्हतं. त्या गाण्यानं एक रुपया मिळवला नाही. म्हणजे पैशांवरून फाटलं, असंही म्हणायची सोय नाही.

आता उसन्या चालीबद्दल. तुझ्या गाण्यातला मधला आलाप आजीच्या कानडी गाण्यावरून उचललाय, हे मी ओळखलं. उचल की! संगीत नाटक उभं करणारे अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. जुन्या संगीत नाटकांची पुस्तकं उघडून बघ, पदाच्या डोक्यावर बारीक अक्षरांत 'चाल' म्हणून मूळ गाणं छापलेलं असतं. त्यात कानडी चालीही आहेत. चाल कुठली ते वर छापलेलं, तरी पद नाटककाराचंच म्हणून लोक गातात. रॉकवाल्यांना ही रीत ठाऊक असती, तर बरेच वकील उपाशी राहिले असते. ब्लूज गाणी लिहिणाऱ्या विली डिक्सनच्या ओळी लेड झेपेलिनच्या 'होल लॉटा लव्ह'मध्ये १९६९ ला आल्या, त्यानं दावा लावला १९८५ मध्ये, आणि तडजोड झाल्यावर त्याचं नाव लागलं.

नुसतं 'पारंपरिक' लिहून मात्र मोकळी होऊ नकोस. पुष्कळदा पारंपरिक म्हणजे नाव विचारायचा आळस. रोलिंग स्टोन्सचं १९६५ चं 'द लास्ट टाइम' स्टेपल सिंगर्सच्या भक्तिगीतावर उभं आहे, पण नावं जॅगर आणि रिचर्ड्स यांचीच. त्याच गाण्याच्या एका वाद्यवृंदी रेकॉर्डिंगमधला तुकडा द व्हर्व या बँडनं १९९७ मध्ये आपल्या गाण्यात घेतला, तर त्या आख्ख्या गाण्याचे हक्क त्यांना गमवावे लागले. ते परत मिळाले २०१९ मध्ये. म्हणून आजीला विचार, ती ते कुणाकडून शिकली. भजनी मंडळातल्या कुणा बाईंकडून शिकली असेल तर तसं लिही.

आणि बेसवाल्याला स्वरलिपी येत नाही म्हणून तो संगीतकार होत नाही, असं कुणी सांगितलं तर ऐकू नकोस. आपल्या कॉपीराइट कायद्यात व्याख्याच आहे की चाल बांधेल तो संगीतकार, मग त्यानं ती लिपीत उतरवलेली असो वा नसो.

शनिवारी प्रॅक्टिसला वही घेऊन जा. तारीख घाल, कुणाचं काय ते लिही, टक्केही लिही, खाली सगळ्यांच्या सह्या घे. भांडण झालं तर आत्ताच होऊ दे, वाटून घ्यायला अजून चहाचेच पैसे आहेत. गाण्याखालची ओळ बदललीस की मला पाठव. त्याचं आडनाव कसं लिहायचं ते मात्र त्यालाच विचार. इकडं एकच आडनाव मराठी शाळेत एक लिहितात, कानडी दाखल्यावर दुसरंच.

तुझा,
काका