'आपलीच मुलगी' आणि ताशी बारा पौंड

प्रश्न: मुलगी इंग्लंडात रेडिंगला फूड सायन्सची एम.एस्सी. करते आहे, सप्टेंबरात गेली. १८ लाखांचं कर्ज काढलंय. तिथल्या एका मराठी कुटुंबाने मुलं सांभाळशील का म्हणून विचारलंय. मुलगी पाच वर्षांची, मुलगा दोन वर्षांचा. सोमवार ते शुक्रवार दुपारी तीन ते सात, शनिवारी सहा तास. राहायला खोली फुकट, वर आठवड्याला ८० पौंड हातात. 'आपलीच मुलगी म्हणून राहील' म्हणतात. ती तयार आहे. हे मात्र म्हणतात, शिकायला पाठवली ती दुसऱ्यांची पोरं सांभाळायला का? आम्ही द्राक्षबागायतदार, सोयऱ्यांना काय सांगायचं?
– एक आई, निफाड तालुका

ताई,

सोयऱ्यांचं मागाहून बघू, आधी हिशेब मांडू. रोजचे चार तास, पाच दिवस, झाले २०. शनिवारचे धरून २६. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसावर एम.एस्सी.च्या मुलीला सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांच्या वर काम करता येत नाही. आठवडा सोमवार ते रविवार धरतात. या आठवड्यात २६ आणि पुढच्यात १४, अशी सरासरी चालत नाही. म्हणजे हा प्रस्ताव पहिल्याच आठवड्यात तिचा व्हिसा धोक्यात घालतो.

आता पैसे. २१ वर्षं पूर्ण झालेल्यांचं तिथलं किमान वेतन एप्रिल २०२५ मध्ये ताशी १२.२१ पौंड झालं. दर एप्रिलला ते वाढतं, मी कमीच धरतेय. २० तासांचे २४४ पौंड होतात. खोली दिली म्हणून त्यातून वळते करता येतात ते त्याच दरपत्रकानुसार दिवसाला १०.६६, आठवड्याला साधारण ७५. उरले १७०. तुमच्या मुलीला २६ तासांचे ८० देऊ केलेत! घरात राहणारी, घरच्यासारखी वागवलेली मदतनीस असेल तर किमान वेतन नको, अशी एक पळवाट तिथल्या कायद्यात होती. १ एप्रिल २०२४ ला तीही बंद झाली. ते कुटुंब वाईट आहे असं मी म्हणत नाही, बहुधा त्यांना हे ठाऊकही नसेल. पण 'आपलीच मुलगी' म्हटलं की तास कोण मोजतो? रात्री धाकटा रडत उठला तर शेजारच्या खोलीतली मुलगी काय पांघरूण ओढून झोपून राहणार आहे? म्हणून माझं स्पष्ट मत: काम करायचं असेल तर करू दे, पण त्या घरात राहू देऊ नका.

मैत्रिणी तिला बेबीसिटिंगचं एखादं ॲपही सुचवतील. आज या घरी, उद्या त्या घरी. तो बहुतेक वेळा स्वयंरोजगार धरला जातो आणि विद्यार्थी व्हिसावर स्वयंरोजगाराला मनाई आहे. त्यापेक्षा एकाच घरी ठरल्या वेळी जाणारी नॅनी बरी, कारण ती नोकरदार ठरते. मग कुटुंब मालक. त्यांनी एचएमआरसी या कर खात्याकडे मालक म्हणून नोंदणी करायची, पगारपत्रक आणि भरपगारी रजा द्यायची. मुलीने नॅशनल इन्शुरन्स नंबर, म्हणजे कर-विम्याच्या नोंदीचा क्रमांक, काढायचा, त्याला पैसे पडत नाहीत.

आणखी एक फसगत उन्हाळ्यात होते. जुलैअखेर तिथल्या शाळा सुटल्या की कुटुंब म्हणेल, आता तुलाही सुट्टी, दिवसभर ये. एक वर्षाच्या एम.एस्सी.ला उन्हाळा म्हणजे प्रबंधाचे दिवस, आणि व्हिसाच्या हिशेबी ते सहसा सत्रच असतं. २० तासांची मर्यादा तेव्हाही असते. ख्रिसमस आणि ईस्टरचं काय, ते विद्यापीठाच्या तारखा बघून ठरवावं.

आता तुमच्या यजमानांच्या प्रश्नाकडे येते. काम हलक्या दर्जाचं आहे का? ताई, तुमच्या भागातली द्राक्षं इंग्लंडात जातात. तिथे लहान मुलाला ती अख्खी देत नाहीत. मणी उभा चिरून चार फोडी करायच्या. आडवा कापला तर गोल चकती घशात बसू शकते. हे ज्याला माहीत नाही त्याच्या हाती दोन वर्षांचं पोर देऊ नये. लहान मुलांच्या प्रथमोपचाराचा १२ तासांचा कोर्स तिथे मिळतो. तो तिने कामाआधी करावा, फी कुटुंबाने भरली तर उत्तमच.

मला काळजी वेगळीच वाटते. फूड सायन्सची प्रॅक्टिकल्स दुपारी असतात आणि रेंगाळतात. कॅफेत 'आज उशीर होईल' असा फोन करता येतो. शाळेच्या फाटकाशी पाच वर्षांची पोर दप्तर धरून उभी असताना तो फोन कोणाला करणार? म्हणून पाच दिवस नकोच. वेळापत्रक समोर ठेवून प्रॅक्टिकल नसलेल्या दोन दुपारी आणि शनिवार घ्यावा. १४ तास होतात, मर्यादेत बसतात आणि अभ्यासाला जागा राहते. कर्ज यातून फिटणार नाही. किराणा आणि बसचा खर्च निघेल, तेवढीच अपेक्षा ठेवा.

पुढे उपयोग? थोडा आहे, उगाच फुगवून सांगणार नाही. ब्रिटनमध्ये वेष्टनावर १४ ॲलर्जीकारक घटक ठळक छापावे लागतात. ती हे वर्गात शिकणारच. पण शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलासाठी दुकानात उभं राहून बिस्किटाचे पाच पुडे उलटेपालटे करून वाचले, की लेबल कुठे फसवतं ते कळतं. अन्नकंपनीच्या मुलाखतीत सांगण्याजोगं आहे ते. मात्र प्रबंधाला कंपनीचा प्रकल्प मिळत असेल, तर त्या महिन्यांत मुलं सांभाळणं खुशाल सोडावं.

या आठवड्यात तिने त्या बाईंना तीनच गोष्टी विचाराव्यात: करार लेखी असेल ना, पगारपत्रक मिळेल ना, तास १४च राहतील ना. 'कागद कशाला, आपण घरचेच' असं उत्तर आलं, तर गोड बोलून नाही म्हणावं आणि विद्यापीठातच काही काम मिळतं का ते बघावं. होकार आला, तर पहिलं पगारपत्रक वडिलांना पाठवायला सांगा. सोयऱ्यांनी विचारलं, तर पोरगी रेडिंगला शिकते आणि दुपारची नोकरी करते म्हणावं. कसली नोकरी, हे विचारायला जे थांबतील त्यांना द्राक्षाच्या चार फोडी कशा करतात तेही सांगा.