विठोबा बघून घेईल, पण फेरफार तलाठ्याकडेच होतो

पत्र सातारा जिल्ह्यातल्या एका ताईंचं आहे. नाव छापू नका असं त्यांनी कळवलंय. वय ३६, मुलगी नववीत, मुलगा सहावीत. आठ महिन्यांपूर्वी नवरा हृदयविकारानं गेला. लग्नाआधीपासून गळ्यात तुळशीची माळ. सासूबाई उठता-बसता म्हणतात, "काय दिलं तुझ्या विठोबानं?" दीर कागदावर सही मागतात, "पुढचं आम्ही बघतो" म्हणतात. गावात येणाऱ्या एका महाराजांनी घराण्याचा दोष काढलाय. २१ हजारांची शांती करा, नाहीतर मुलावर येईल, असं ते सांगतात. ताईंनी एकादशीसोबत सोमवार-गुरुवारचे उपासही धरले, आता चक्कर येते. गुरुवारच्या भजनाला गेलं की बायका कुजबुजतात. हरिपाठात मन लागेना म्हणून तो बंद केला. त्या विचारतात, "माझा विश्वास कमी पडला म्हणून हे झालं का? जमिनीसाठी भांडणं भक्तीत बसतं का? की सगळं त्याच्यावर सोडून देऊ?"

ताई,

पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं आहे. माळ घातली की घरात मरण येणार नाही, असं वारकरी परंपरेत कुणीच सांगितलेलं नाही. चोखोबा मंगळवेढ्याच्या गावकुसाचं काम करताना भिंतीखाली सापडून गेले. १६३०च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांची पहिली बायको अन्नावाचून गेली, मुलगा गेला, दुकानाचं दिवाळं निघालं. यांचा विश्वास कमी पडला म्हणायचं का?

"देव परीक्षा बघतो" असंही तुम्हाला कुणीतरी सांगितलं असेल. पोरक्या झालेल्या दोन लेकरांच्या आईला हे सांगू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. संतांनी असं गप्प बसून सोसलेलं नाही. जनाबाई विठोबाला सरळ शिव्या घालते. तुकोबा त्याला निष्ठुर म्हणतात, त्याच्याशी भांडतात. तेव्हा राग येत असेल तर तो त्याच्यासमोर काढा. रागानं माळ तुटत नाही.

आता जमीन. तुकोबांनी कर्जखतं इंद्रायणीत बुडवली हे सगळे सांगतात, पण त्याच्या आधीचं सांगायचं राहून जातं. धाकटा भाऊ कान्होबा याच्या वाट्याची अर्धी खतं त्यांनी आधी वेगळी काढून त्याच्या हाती दिली आणि मग स्वतःच्या वाट्याची बुडवली. दुसऱ्याच्या हक्काचं आपण सोडून द्यायचं नसतं. तुमच्या नवऱ्याच्या जमिनीत तुमच्या मुलांचा हक्क आहे. 'मला लोभ नको' म्हणून तुम्ही सही केलीत तर मुलांची वाट अवघड होईल.

म्हणून कोऱ्या कागदावर, हक्कसोडपत्रावर किंवा न वाचलेल्या कशावरही सही करू नका. दिरांना एवढंच म्हणा, "भाऊजी, वकिलांना दाखवून करते." मग वारस नोंदीचा अर्ज करा. तो तलाठ्याकडे द्यायचा (हल्ली त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात). सोबत मृत्यूचा दाखला, सातबारा, आठ-अ, सगळ्यांचं आधार आणि वारसांची नावं असलेलं प्रतिज्ञापत्र जोडा. खरं तर ही वर्दी तीन महिन्यांत द्यायची असते, पण उशीर झाला म्हणून हक्क जात नाही. अर्जाची पोच घ्या. फेरफार (म्हणजे जमिनीच्या नोंदीतल्या नावांचा बदल) धरला की नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. हरकत आली तर सुनावणी लागते, तिला स्वतः हजर राहा. बायका नेमक्या इथंच मागं हटतात आणि नोंद अडकते.

१९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार तुम्ही, दोन्ही मुलं आणि सासूबाई असे चौघं पहिल्या वर्गाचे वारस आहात. नवऱ्याच्या स्वतःच्या मालकीच्या जमिनीत चौघांना सारखा, म्हणजे चौथा हिस्सा. या यादीत दीर नाहीत. वडिलोपार्जित जमिनीचा हिशेब वेगळा निघतो, त्यासाठी वकील लागेल. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. बाईला तिथं उत्पन्नाची अट न लावता वकील फुकट मिळतो. आधी १५१०० वर फोन करून विचारलं तरी चालेल. घराबाहेर काढायची भाषा सुरू झाली, तर सासरच्या घरात राहण्याचा हक्क २००५चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा देतो. १८१ हा महिलांच्या मदतीचा नंबर आहे.

महाराजांना एक रुपया देऊ नका. साधी पूजा-शांत गुन्हा नाही, पण दैवी शक्तीचा दावा करून, "मुलावर येईल" अशी दहशत घालून पैसे काढणं हे २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यात बसू शकतं. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आहे. "लिहून द्या, पोलीस ठाण्यात विचारून येते" एवढं म्हणून बघा. बहुधा दोष तिथल्या तिथं निवळेल.

उपासांचं. वारकऱ्याचा नेम एकादशीचा, महिन्यातून दोन. सोमवार, गुरुवार तुम्ही भीतीपोटी जोडलेत, ते सोडा. एकादशीलाही पाणी, दूध, भगर, राजगिरा, शेंगदाणे पोटात जाऊ द्या. चक्कर थांबेना तर प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन आणि रक्तदाब तपासून घ्या.

हरिपाठ मात्र परत धरा, पण थोडाच. २७ अभंग नुसते वाचायलाही वीसेक मिनिटं लागतात. दुःखात डोकं तेवढं टिकत नाही, तिसऱ्या-चौथ्या अभंगाला भलतेच विचार येतात, मग अपराधी वाटतं आणि सगळंच सुटतं. म्हणून महिनाभर तीनच अभंग म्हणा. तेही जड गेले तर 'रामकृष्णहरी'ची एक माळ करा. १०८ मण्यांना चार-पाच मिनिटं पुरतात. वेळ मात्र ठरलेली ठेवा, दिवेलागणीची. मन लागलं की नाही हे तपासत बसू नका, तोंडानं म्हटलं की नेम झाला. नवस बोलू नका. "हे दिलंस तर ते करीन" असं सुरू झालं की प्रत्येक नकार विश्वासघात वाटायला लागतो. आणि रात्र-रात्र झोप नाही, जगणं नको वाटतं, असं झालं तर १४४१६ वर फोन करा. तो सरकारी मोफत समुपदेशनाचा नंबर आहे.

भजनातल्या बायकांचं कुजबुजणं राहील काही दिवस. विधवेच्या नामस्मरणाला परंपरेत आडकाठी नाही. विधवा प्रथांविरुद्ध ठराव करणारं गावही लांबचं नाही, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडनं तो मे २०२२मध्ये केला. घरच्या विरोधाचं म्हणाल तर शिऊरच्या संत बहिणाबाई आठवा. तुकोबांची भक्ती करते म्हणून नवऱ्यानं मारलं, तरी नाम सुटलं नाही. भजनी मंडळातल्या एखाद्या वयस्कर बाईला गाठा आणि तिच्या शेजारी जाऊन बसा. पहिले दोन-तीन गुरुवार जड जातील.

आता सासूबाई. त्यांचाही मुलगा गेलाय. "काय दिलं तुझ्या विठोबानं" हे त्या तुम्हाला विचारत असतील, तसं त्यालाही विचारत असतील, पण तुमच्यासारखं पत्र त्या कुणाला लिहिणार? चौथा हिस्सा त्यांचाही आहे, हे त्यांना दिरांच्या आधी तुम्ही सांगा. आणि दिवेलागणीला एकदा म्हणून बघा, "आत्या, बसता का जरा?" नाही म्हणाल्या तर तुमचे तीन अभंग स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जातील एवढ्या आवाजात म्हणा.