थाट, भपका आणि लवाजमा : वाचकांच्या शंका

प्रश्न : आमच्या शिगमोत्सव (गोव्यातला होळीचा उत्सव) समितीच्या स्मरणिकेसाठी आलेल्या लेखात ‘चित्ररथांची भपकेबाज मिरवणूक’ असे लिहिले आहे. समितीतल्या काहींना ते झोंबले. लेखक म्हणतात, भपका म्हणजे थाटच. छापावे की बदलावे? (फोंडा)

उत्तर : बदलावे. रोषणाई दोन्ही शब्दांत आहे, पण ‘थाट’ म्हणजे मुळात मांडणी, जुळणी. पंगतीचा थाट असो की रागसंगीतातला, काहीतरी नीट लावून ठेवलेले असते. ‘भपका’ उसळतो आणि विरतो. दारूचा येतो तोच हा भपका. त्यामुळे ‘वरवरचे आहे, आत काही नाही’ हा शेरा त्याच्याबरोबर फुकटात येतो. महिनाभर खपून चित्ररथ उभा करणाऱ्याला तो झोंबणारच.

अशा जागी दोन कसोट्या लावाव्यात. पहिली, शब्दाआधी ‘नुसता’ ठेवून पाहा. ‘नुसता भपका’, ‘नुसता डामडौल’, ‘नुसता बडेजाव’ हे सहज तोंडात येते. ‘नुसता सोहळा’ म्हणताना जीभ अडते. दुसरी कसोटी क्रियापदाची, आणि ती अधिक भरवशाची. सोहळा रंगतो, थाट मांडतात, जल्लोष करतात. बडेजाव मात्र मिरवतात, बडिवार सांगतात, स्तोम आणि अवडंबर माजवतात. रान माजते तसे जे ‘माजवता’ येते, तो शब्द निंदेचाच. एकटा ‘थाट’ दोन्ही दगडांवर पाय ठेवून असतो. ‘काय थाट आहे!’ हे कौतुकही असू शकते आणि टोमणाही. ‘थाटमाट’ असा जोडून आला की कौतुकाकडे झुकतो.

तुमच्या वाक्यात ‘देखणी’ किंवा ‘दिमाखदार’ बसेल. ‘दिमाख’ हा अरबीतला ‘दिमाग’, म्हणजे मेंदू; त्यावरून गर्व, ताठा. आज ‘दिमाखात’मधला ताठा बराच उतरला आहे आणि ऐट उरली आहे. फक्त एका लेखात हा शब्द एकदाच वापरा. आपल्याकडच्या शिगम्याच्या वृत्तान्तांत मिरवणूक दिमाखदार, बक्षीस समारंभ दिमाखदार आणि उद्घाटनही दिमाखदार असते. मग वाचकाला काहीच दिसत नाही. त्यापेक्षा रोमटामेळात (ढोल-ताशांच्या गजरात नाचत निघणाऱ्या मेळात) ढोल-ताशे किती होते, ‘ओस्सय ओस्सय’चा गजर कुठल्या नाक्यापासून सुरू झाला, चित्ररथावर कोणता प्रसंग होता, घोडेमोडणी (कमरेला लाकडी घोडा बांधून केलेला नाच) कुठल्या गावची होती, हे लिहा. विशेषण आपोआप गळून पडते.

प्रश्न : लग्नपत्रिकेत ‘विवाह सोहळा शाही इतमामात संपन्न होईल’ असे लिहिले तर चालेल का? (म्हापसा)

उत्तर : लिहू नका. ‘इतमाम’ अरबीतून आला, मूळ अर्थ काळजीपूर्वक केलेली व्यवस्था. पुढे त्याला राजेशाही डौल चिकटला. अर्थामध्ये वावगे काही नाही. अडचण सवयीची आहे. वर्तमानपत्र वाचणाऱ्याच्या कानात ‘इतमामात’च्या पाठोपाठ ‘अंत्यसंस्कार’ येतात : पार्थिवावर तिरंगा, पोलिसांची मानवंदना, बंदुकीच्या फैरी. पत्रिकेत ती आठवण कशाला? आणखी एक. आपल्या घरच्या कार्याला आपणच ‘शाही’ किंवा ‘थाटामाटात’ म्हणू नये. ते पाहुण्यांनी परत जाताना म्हणायचे असते. पत्रिकेत ‘विवाह सोहळा’ एवढे पुरे.

प्रश्न : देवस्थानाच्या पालखीच्या वर्णनात ‘लवाजमा’ म्हणजे नेमके काय काय? छत्र आणि अबदागिरी एकच का? (डिचोली)

उत्तर : ‘लवाजमा’ म्हणजे सोबत असायलाच हवे ते सारे. अरबीतला ‘लाजिम’, आवश्यक, याच कुळातला हा शब्द. पालखीपुढचे निशाण, वाजंत्री, दिवट्या, चवऱ्या, मोर्चेल (मोरपिसांचा कुंचा), छत्र, अबदागिरी, भालदार-चोपदार असले तर तेही, सगळे त्यात येते. पालखी मात्र येत नाही. ‘लवाजम्यासह पालखी निघाली’ बरोबर. ‘पालखीचा लवाजमा निघाला’ म्हटले की देव मागे राहिला.

छत्र डोक्यावर धरतात, घुमटासारखे. अबदागिरी उंच काठीवर बसवलेली, पसरट, पानाच्या आकाराची. ती बाजूने उभी धरतात. फारसी ‘आफताब-गीर’ म्हणजे ऊन अडवणारी, आणि कलते ऊन बाजूनेच येते. ‘अब्दगिरी’, ‘अब्दागिरी’ असे छापून येते, ते टाळा.

पेडण्याकडच्या वाचकांसाठी एक सूचना : दसऱ्याची तरंगे लवाजम्यात मोजू नका. लुगडी नेसवलेले ते खांब म्हणजे देवतेचेच रूप. ‘तरंगांचा लवाजमा’ असे लिहिलेत तर गावकरी रागावतील, आणि ते बरोबरच असतील.

प्रश्न : कुंभारजुव्याच्या सांगोडाला मराठीत ‘जलशोभायात्रा’ म्हणावे का? (माशेल)

उत्तर : कशासाठी? दोन होड्या एकमेकींना बांधून त्यावर फळ्या टाकायच्या आणि वर देखावा सजवायचा, ही त्या वस्तूची रचना. मराठीत अशा जोडीला ‘सांगड’ म्हणतात. ‘सांगड घालणे’ तिथूनच आले. सांगोड तिची सख्खी बहीण. ‘गणेशचतुर्थीच्या सातव्या दिवशी विसर्जनाला सजवलेले सांगोड निघतात’ एवढे लिहिले की बाहेरच्यालाही कळते.

कार्निव्हलच्या मिरवणुकीलाही ‘शोभायात्रा’ नको. ‘यात्रा’ला देवाधर्माचा वास आहे आणि किंग मोमोचा (कार्निव्हलच्या सोंगाच्या राजाचा) हुकूम खाण्यापिण्याचा असतो. साधी ‘मिरवणूक’ बरी. जुना शब्द हवा असेल तर गोव्यात ‘इंत्रूज’ आहेच, पोर्तुगीज ‘एंत्रूदु’वरून आलेला.

प्रश्न : ‘थाटमाटात’ की ‘थाटामाटात’? ‘जल्लोश’ की ‘जल्लोष’? (काणकोण)

उत्तर : थाटामाटात, जल्लोष. तसेच रोषणाई, आतषबाजी, धूमधडाक्यात. ‘डामडौलात’ लिहिताना मात्र ‘डाम’ तसाच राहतो.

प्रश्न : ‘अवडंबर’ आणि ‘स्तोम’ एकाच अर्थाने वापरता येतात का? (मडगाव)

उत्तर : पुष्कळदा चालून जाते, पण फरक आहे. संस्कृत ‘आडंबर’ म्हणजे एक प्रकारचा नगारा आणि त्याचा गडगडाट. म्हणून अवडंबर साधनांचे, आवाजाचे, बाहेरच्या पसाऱ्याचे. ‘स्तोम’ म्हणजे स्तुती, तसाच ढीगही. म्हणून स्तोम एखाद्या गोष्टीला दिलेल्या नको इतक्या महत्त्वाचे. नरकासुराच्या रात्री (दिवाळीत नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री) पहाटेपर्यंत चालणाऱ्या ध्वनिवर्धकांचे अवडंबर, आणि नरकासुराच्या प्रतिमांच्या स्पर्धेच्या बक्षिसाचे स्तोम.